वरच्या मजल्यावरची बस

धाकटी वरच्या मजल्यावर राहायला आली तेव्हा तिचं सामान थोरलीनेच लावून दिलं. धाकटीचा नवरा वारला होता, मुलगा नोकरीसाठी लांब गेला होता आणि वरची जागा नेमकी तेव्हाच रिकामी झाली होती. थोरली म्हणाली, "ये इथेच. लहानपणापासून डोक्यावर बसलीच आहेस, आता राहायलाही ये."

सुरुवातीचे महिने थोरलीला बरे गेले. धाकटीचं अर्ध्या तासाला काहीतरी अडायचं. जिन्यातून हाक यायची, "अक्का, अंडं ताजं आहे की शिळं, कसं ओळखायचं गं?" नाहीतर, "अक्का, ब्लाउजवर तेल सांडलंय." थोरली हातातलं काम टाकून वर जायची आणि उत्तर द्यायची. उत्तराबरोबर दोन शब्द ऐकवायची, "एवढी वर्षं संसार केलास की भातुकली?" धाकटी निमूट ऐकून घ्यायची. थोरलीने सगळा जन्म बसच्या डेपोत गाड्या धुतल्या होत्या. शाई, वंगण, च्युइंगगम, पोरांची ओकारी, कुठल्याच डागाला ती घाबरत नव्हती. तिला विचारायला फक्त धाकटी यायची असं नाही. शेजारची शिंपीण यायची, तळमजल्यावरचा पोस्टमन यायचा. चारचौघांनी विचारलं की माणसाला जेवणाचा घास गोड लागतो.

मग धाकटीचा मुलगा सुटीवर आला आणि जाताना आईच्या टेबलावर मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर ठेवून गेला. नेटची वायर खालपर्यंतच आली होती, म्हणून वायफायचा डबा थोरलीच्या घरात बसला, चपलांच्या फळीवर. त्याचे हिरवे डोळे दिवसभर लुकलुकायचे आणि त्याचा उजेड मात्र वरच्या मजल्यावर पडायचा.

पुढच्या वेळी थोरली आपणहून वर गेली. धाकटी मुलाच्या मागे राहिलेल्या सदऱ्यावरचा तेलाचा डाग बघत होती.

"खडू चोळ त्याला," थोरली म्हणाली, "आणि रात्रभर राहू दे."

"चोळलाय, अक्का. डागांची एक साइट आहे. कशाचा डाग आहे ते दाबायचं, कापड कुठलं ते दाबायचं, की सगळं सांगते. तिनेही खडूच सांगितला. बघ, तू बरोबर होतीस."

थोरलीला हे जास्त लागलं. चूक ठरली असती तर वाद तरी घालता आला असता. आपण बरोबर आहोत, हे आता साइटने सांगायचं?

त्यानंतर धाकटीच्या तोंडी एकच पालुपद आलं. "त्याला एक साइट आहे, अक्का." घरात दोन बटाटे, अर्धा कोबी आणि एक अंडं उरलं असेल तर तेवढ्यात काय करता येईल हे सांगणारी साइट. बस आता कुठे पोचली ते नकाशावर दाखवणारी साइट. पृथ्वीचा गोल बोटाने फिरवून जिथे थांबाल तिथला रेडिओ ऐकवणारी साइट. पानाचा फोटो दिला की झाडाचं नाव सांगणारी साइट. या शेवटच्या साइटने थोरलीच्या खिडकीतल्या कुंडीचा निकाल लावला. थोरली ज्याला वर्षभर प्रेमाने पाणी घालत होती ते तण निघालं.

"उपटून टाकू का?" धाकटीने विचारलं.

"राहू दे," थोरली म्हणाली. "घरात आणखी कोण कोण तण आहे तेही विचारून ठेव तुझ्या साइटला."

शिंपीण आता नवीन गळ्यांचे नमुने बघायला वर जायला लागली. पोस्टमनला बुद्धिबळाची साइट सापडली, तो येता-जाता एक चाल खेळून जायचा. सगळे थोरलीच्या दारावरून जायचे आणि "बरं आहे ना?" एवढं विचारून जिना चढायचे. थोरलीच्या पोटात दुखायचं, पण त्या दुखण्यावर खडू चालत नव्हता. तरी हे सगळं तिने गिळलं असतं. गिळता आलं नाही ते नवऱ्याचं.

थोरलीचा नवरा बसचा ड्रायव्हर. एकाच मार्गावर त्याने उभी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर खिडकीजवळच्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. सकाळी चहा, दुपारी पेपर, संध्याकाळी परत तोच पेपर. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं मोजकं. थोरली बोलायची, तो "हं" म्हणायचा. कधी "हं हं" म्हणाला तर थोरली समजायची की आज स्वारी खुशीत आहे.

एकदा धाकटीचा नळ गळायला लागला म्हणून तो पाना घेऊन वर गेला. नळ दुरुस्त व्हायला लागतो त्यापेक्षा फारच वेळ लागला. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा नुकत्याच धुतलेल्या काचेसारखा लख्ख होता.

"काय झालं?" थोरलीने विचारलं.

"काही नाही. तिकडे लोक उलट्या बाजूने गाडी चालवतात."

"तिकडे कुठे?"

मग तो बोलायलाच लागला. धाकटीला एक साइट सापडली होती. जगातल्या कुठल्या कुठल्या गावांत लोक गाडीच्या पुढच्या काचेला कॅमेरा लावतात आणि रस्त्याने जातात. आपण गाव निवडायचं आणि खुर्चीत बसून बघायचं. समोर रस्ता, सिग्नल, वळणं, पाऊस आला की काचेवरचे वायपरसुद्धा. त्या गावचा रेडिओही लागतो. "एका जागी घाट आहे," ड्रायव्हर सांगत होता, "तो चालवणारा दुसऱ्या गिअरवर न येता उतरला. मी म्हटलं, अरे बाबा, ब्रेक जळतील तुझे. धाकटी म्हणाली, भाऊजी, तुम्हीच बसा स्टिअरिंगवर." आणि तो हसला. थोरलीची पोळी तव्यावर करपली, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने आरशासमोर उभं राहून केस विंचरले.

"विंचरण्यासारखं उरलंय काय त्यात?" थोरली म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

तेव्हापासून रोजची दुपार वरची झाली. थोरली खाली एकटी शेंगा सोलत बसायची आणि कान छताला लावायची. वरून नवऱ्याचा आवाज यायचा, सलग, न थांबता. शब्द कळायचे नाहीत. ज्या माणसाला तिने "हं"च्या पुढे कधी नेलं नव्हतं, तो वर जाऊन व्याख्यान देत होता. शिंपीण एकदा दारात थबकली आणि वर बघून म्हणाली, "तुमचा ड्रायव्हर आता वरच्या डेपोला लागला वाटतं."

"गाडी धुवायला माझ्याकडेच येते शेवटी," थोरली म्हणाली. उत्तर चोख दिलं, पण शेंगांचं भांडं तिने इतक्या जोरात आपटलं की दाणे घरभर झाले.

सगळ्यात वाईट हे, की ती कुणाला काही बोलू शकत नव्हती. दार सताड उघडं, शिंपीण ये-जा करणारी, बहीण सख्खी. संशय घ्यावा असं काही नव्हतं. तिला फक्त एवढंच कळत होतं की आपल्या शेजारच्या खुर्चीतलं माणूस उठून दुसऱ्याच्या शेजारी बसलं आहे आणि तिथे सुखात आहे. सवत असती तर भांडता आलं असतं. साइटशी भांडायचं कसं?

थोरलीने ठरवलं, आपणही साइट शोधायची. वाचायला ती उतारवयातच शिकली होती, वाचनालयाच्या वर्गात, आणि त्याच वाचनालयात आता म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवत होते. वाचनालयाच्या बाई पुढे उभ्या राहून सांगत होत्या, औषधाच्या वेळा सांगणारी साइट ही, विजेची तक्रार करायची ती. थोरलीने हात वर केला.

"बाई, माणूस घरातच बसून राहील अशी साइट आहे का?"

"कुठला माणूस?"

"असाच. एक माणूस."

मागे कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "त्याला आवडतं काय?"  थोरली म्हणाली, "बस."

बाईंनी तिला जुन्या बसगाड्यांच्या फोटोंची साइट उघडून दिली. तिथे लोकांनी आपापल्या गावच्या, मोडीत गेलेल्या गाड्यांचे फोटो लावले होते. थोरली बोट ठेवून एकेक ओळ वाचत राहिली, आणि एका फोटोपाशी तिचं बोट थांबलं. नवऱ्याची तीच गाडी. पुढे गोल दिवे, मधे रेडिएटरची जाळी. या गाडीच्या मागच्या सीटची स्प्रिंग कुठे टोचते ते तिला माहीत होतं. पायऱ्यांच्या कोपऱ्यात माती कशी धरते ते माहीत होतं. तिने तो फोटो मोबाइलवर घेतला आणि घाईघाईने घरी आली.

ड्रायव्हर जेवून केस विंचरत होता. तिने मोबाइल पुढे केला. त्याने तो हात लांब करून धरला, डोळे बारीक केले.

"हीच," तो म्हणाला. "हिचं बोनेट तापायचं."

थोरली वाट बघत राहिली. आता तो खुर्ची ओढेल, बसेल, आणखी काही सांगेल.

"छान आहे," त्याने मोबाइल परत दिला. "जरा वर जाऊन येतो. आज बोगदा आहे."

जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या. थोरली फोटोकडे बघत उभी राहिली. मग तिची नजर चपलांच्या फळीवर गेली. डबा डोळे मिचकावत होता. माझ्या घरात राहतोस, माझी वीज खातोस आणि चाकरी तिची करतोस. तिने हात लावून पाहिला. गरम होता. एवढा तापलेला डबा बरा नव्हे, त्याला थोडी विश्रांती हवी, असं ती स्वतःशी म्हणाली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

वर रेडिओ थांबला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोरलीने ड्रायव्हरची खुर्ची फडक्याने पुसली, पेपर नीट घडी घालून ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. आता तो येईल.

तो आला नाही. थोड्या वेळाने वर कुणीतरी हसलं. मग नवऱ्याचा आवाज सुरू झाला, नेहमीसारखाच. मग धातूवर धातू वाजावा तसा नाजूक आवाज आला. टिंग. थोडा वेळ शांतता. टिंग टिंग.

थोरलीच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. डेपोत काम केलेल्या माणसाला तो आवाज झोपेतही कळतो. सिंगल बेल म्हणजे गाडी थांबवा. डबल बेल म्हणजे चला. कंडक्टरने डबल बेल दिली की ड्रायव्हर मागे वळून बघत नाही. गाडी निघते.

संध्याकाळी तिने बटण चालू केलं, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बंद केलं, तिसऱ्या दिवशीही. नेट नव्हतं, साइट नव्हती, परगावचे रस्ते नव्हते. तरी दुपार वरच होत होती, आणि टिंग टिंग चालू होतं. आता थोरलीला खरी भीती वाटली. इतके दिवस तिला वाटत होतं की नवरा साइटसाठी जातो. साइट बंद करूनही तो जात असेल तर मग कशासाठी जातो?

आणि तिला आठवलं, म्हणजे आठवण तिला रोज होतीच, फक्त आजवर टोचली नव्हती. नवऱ्याच्या चालत्या गाडीत ती एकदाही बसली नव्हती. तिचं काम गाड्या सुटण्याआधीचं आणि परत आल्यानंतरचं. तिला न्यायला-आणायला डेपोची गाडी यायची. तिने नवऱ्याची बस रिकामी पाहिली होती, आतून बाहेरून, शेकडो वेळा. भरलेली बस तिने पाहिली नव्हती. धाकटीने पाहिली होती. लग्नाआधी धाकटी बटणांच्या कारखान्यात जायची, रोज त्याच बसने, ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसून. आणि ती सीट थोरलीनेच मिळवून दिली होती. नवऱ्याला म्हणाली होती, "माझी बहीण चढेल, पुढे बसवा तिला, सांभाळून न्या."

चौथ्या दिवशी बटण बंद केल्यावर टिंग टिंग ऐकलं आणि थोरली गॅस बंद करून जिना चढली. काय बोलायचं ते तिने पायरीपायरीवर जुळवलं आणि दारापर्यंत येईतो विसरून गेली.

दार उघडंच होतं. खोलीत जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या एकामागे एक मांडल्या होत्या. पुढच्या खुर्चीत ड्रायव्हर, दोन्ही हात हवेत, गोल धरलेले. समोरच्या पडद्यावर कुठल्यातरी गावचा रस्ता गोठून उभा होता. त्याच्या मागच्या खुर्चीत धाकटी, एका हातात स्टीलचा पेला, दुसऱ्या हातात चमचा.

"...इथे तो बेकरीवाला चढायचा," ड्रायव्हर सांगत होता. "अंगाला असा वास, की सगळी गाडी भुकेली व्हायची. आणि ती एक बाई, जिचं लेकरू माझ्याकडे बघून रोज रडायचं—"

थोरली दारात उभी राहिली. तो मागे न वळताच म्हणाला, "दारात उभं राहू नका. आत सरका."

"मी आहे," थोरली म्हणाली.

हात हवेतच राहिले. धाकटीने पेला मांडीवर ठेवला.

"अक्का, ये ना. बस."

"बसायला नाही आले. नेट का बंद आहे ते सांगायला आले. मी बंद केलं."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली.

"माहीत आहे?"

"तू बटण बंद केलंस की खाली लगेच भांडी वाजतात. न कळायला काय झालं?"

"मग खाली येऊन विचारलं का नाहीस?"

"कशाला विचारू? विचारलं असतं तर तू चालू केलं असतंस, आणि मग म्हणाली असतीस, घे, तूच घे सगळं." धाकटीने चमच्याकडे बघितलं. "तुला नवरा आहे, अक्का. मला दुपार आहे फक्त."

"पण ती दुपार माझी आहे."

"तुझी होती तर मग तू खालीच का ठेवली नाहीस?"

"धाकटे, जीभ सांभाळ."

"गाडीत भांडण नको," ड्रायव्हर समोर बघतच म्हणाला. "भांडायचं असेल तर खाली उतरून भांडा."

 

थोरली नवऱ्याच्या पाठीकडे बघून म्हणाली, "तो बेकरीवाला, ते रडणारं पोर. मला कधी सांगितलं नाहीत यातलं."

ड्रायव्हरने थोडा विचार केला. "घरी आलो की तूच बोलायचीस. सीटखाली कुणाची छत्री सापडली, कुणाचा एकच बूट सापडला. एक पाय बूट न घालता कुठे गेला असेल, यावर तू आख्खं जेवण काढायचीस. मी ऐकायचो. माझं राहून जायचं."

"मग गप्प बस म्हणायचं."

"कशाला? मला आवडायचं ते."

 थोरली खोलीत आली आणि धाकटीच्या मागच्या रिकाम्या खुर्चीत बसली. खुर्ची टणक होती. पुढे धाकटीचा अंबाडा, त्यापुढे नवऱ्याचं टक्कल आणि त्यावर नीट विंचरलेले चार केस.

"कुठे जायचंय?" ड्रायव्हरने विचारलं.

थोरलीला मार्गातली गावं, थांबे, नावं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एकच जागा माहीत होती.

"डेपो."

"डेपो शेवटी येतो. बसावं लागेल शेवटपर्यंत."

"बसते."

धाकटीने डबल बेल दिली आणि गाडी निघाली. ड्रायव्हर थांबे सांगत गेला. इथे उतार, इथे शाळा, इथे सकाळी धुकं असायचं म्हणून हॉर्न द्यायचा. थोरली ऐकत होती, पण तिचं लक्ष पुढच्या अंबाड्यावर होतं. धाकटीला प्रत्येक थांबा आधीच ठाऊक होता. ड्रायव्हर नाव घ्यायच्या आत ती घ्यायची, आणि तो म्हणायचा, "बरोबर." प्रत्येक "बरोबर"ला थोरलीला कानशिलात बसल्यासारखं व्हायचं.

"पुढचा थांबा बटण कारखाना," ड्रायव्हर म्हणाला.

धाकटीने नाव घेतलं नाही. चमचाही वाजवला नाही. थोरली वाट बघत राहिली. मग ती पुढे वाकली आणि धाकटीच्या कानाशी म्हणाली, "तुझा थांबा आला."

"आज पुढे जाते," धाकटी म्हणाली.

"तिकीट कुठपर्यंतचं आहे?"

धाकटीने मान वळवून बहिणीकडे बघितलं. थोरलीने नजर हटवली नाही. मग धाकटीच्या ओठांचा एक कोपरा हलला, हसू की राग ते सांगणं कठीण. तिने पेल्यावर एकदा चमचा मारला. टिंग. ड्रायव्हरने पायाने ब्रेक दाबला. धाकटी उठली, पेला आणि चमचा खुर्चीवर ठेवला.

"उतरतेच आहे तर खाली जाऊन बटण चालू करून येते," ती म्हणाली. "जागा धरून ठेव माझी."

ती जिना उतरून गेली. थोरलीने तिच्या पाठीकडे बघून घेतलं आणि उठून पुढच्या सीटवर बसली, बरोबर ड्रायव्हरच्या मागे. पेला मांडीवर घेतला. इथून त्याच्या मानेवरचा तीळ दिसत होता. इतकी वर्षं बघितलेला तीळ, पण इथून वेगळा दिसत होता.

"इथून पुढे काय आहे?" तिने विचारलं.

"इथून पुढे गाडी बरीचशी रिकामी," तो म्हणाला. "इथून मला तुझी आठवण व्हायची. म्हणजे, आज गाडी फार घाण झाली, ती ओरडणार, अशी."

थोरली हसली, आवाज न करता.

समोरच्या पडद्यावरचा गोठलेला रस्ता एकदम हलला. झाडं दोन्ही बाजूंनी मागे जायला लागली, रेडिओवर कुणीतरी अनोळखी भाषेत गायला लागलं. ड्रायव्हरचा पाय खटकन ब्रेकवर गेला.

"बेल न देता गाडी सुटली कशी?" तो म्हणाला. "असं चालत नाही."

खालून जिन्यावर धाकटीच्या चपला वाजायला लागल्या. ती भराभर चढत होती.

"कुणी राहिलं का मागे?" ड्रायव्हरने विचारलं.

थोरलीने चमचा उचलला.

"कुणी नाही," ती म्हणाली आणि डबल बेल दिली.